दांडीवरची तिसरी जागा

सासूबाईंनी खुराड्याच्या तळातली मूठभर राख उचलली आणि नव्या कोंबडीच्या पाठीवर, पंखांखाली, शेपटीच्या बुडाशी चांगली रगडून चोळली. कोंबडी सुनेच्या, सुईच्या काखेत होती. तिचे पाय सुतळीनं बांधलेले, डोळ्यांवर सासूबाईंचा जुना रुमाल, आणि काखेत काहीतरी इतक्या जोरात धडधडत होतं की ते कोंबडीचं की आपलं, हे सुईला काही केल्या कळेना. दिवस मावळत आला होता. आत सात कोंबड्या दांडीवर बसून पेंगायला लागल्या होत्या.

"आता बोलू नकोस," सासूबाई कुजबुजल्या. "आवाज ओळखतात त्या."

राख कशाला, असं सुईनं तेवढ्यातही विचारलंच. वास एक होतो, असं सासूबाई म्हणाल्या.

दांडीवर डावीकडून तिसरी जागा मोकळी होती. तिथं राखी बसायची. चार दिवसांपूर्वी भर दुपारी मुंगसानं राखीला कुंपणाशी गाठलं आणि मागं फक्त मूठभर करडी पिसं ठेवली. तरी बाकीच्या कोंबड्या काही सरकून बसल्या नव्हत्या. दुसरी आणि चौथी यांच्यामध्ये एका कोंबडीएवढी फट, मोजून राखल्यासारखी. सासूबाईंनी मुलाकरवी बाजारातून मुद्दाम करड्या रंगाचीच कोंबडी आणवली होती.

सुईनं कोंबडीला त्या फटीत टेकवलं, सुतळी सोडली, रुमाल काढला. शेजारची कोंबडी घशातल्या घशात काहीतरी पुटपुटली, बोटभर हलली आणि पुन्हा मान आत घेऊन गप्प झाली.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "अंधार पडला की कोंबडी आंधळी. सकाळी एकमेकींकडे बघतील आणि कुणी काही विचारणार नाही. दिवसाढवळ्या आणून सोडली असती, तर डोकं फोडून ठेवलं असतं तिचं."

सुई या घरात येऊन चार महिने झाले होते. सुई हे तिचं कारखान्यातलं नाव. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिनं सोळा वर्षं फर्मे शिवले, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकीला एक शिवत पुस्तक उभं केलं. त्या शिवण्यावरून म्हणा, अंगकाठीवरून म्हणा की जिभेवरून म्हणा, नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नाचं वय कधीच टळून गेलं होतं. आईवडील एकापाठोपाठ गेले, भाऊ आपापल्या संसारात, आणि चाळिशी दाराशी येऊन उभी. अशात कारखान्यातल्या लोकांचे डोळे तपासायला एक चष्मेवाला आला. बाकीच्या बायकांचे डोळे त्यानं तासाभरात हातावेगळे केले आणि एकट्या सुईपाशी पाऊण तास घालवला. मैत्रिणींनी चिडवून चिडवून तिचा जीव नकोसा केला.

महिन्याभरानं त्यानं स्वतःच येऊन विचारलं. त्याचं गाव चार तासांवर. बायको दोन वर्षांपूर्वी आजारानं गेली, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. घरी आई आहे, तिला मोतीबिंदू आणि वर छातीचं दुखणं. सहा वर्षांची मुलगी आहे, जरा घुमी आहे. त्या दोघींना मी सगळं सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका, असंही म्हणाला. कचेरीत दोन सह्या झाल्या, दोन साक्षीदारांनी चहा घेतला, आणि लग्नाची भेट म्हणून त्यानं तिला चष्मा दिला. चष्मेवाला दुसरं काय देणार! काळी फ्रेम, कडेनं बारीक पांढरी रेघ. तिचा जुना तपकिरी चष्मा दोन ठिकाणी चिकटवलेला होता आणि त्यातून लांबचं सगळं पाण्यातल्यासारखं दिसायचं. नव्या चष्म्यातून तिला कित्येक वर्षांनी झाडाची पानं सुटी सुटी दिसली. नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्याही दिसल्या, पण त्या काय, कुणाच्याही कपाळावर असतात.

घर गावाच्या बाहेर होतं, शेजार हाकेच्या टप्प्यात नव्हता. नवरा सकाळी दुकानात जाई, मुलगी शाळेत, सासूबाई पुढच्या दारी उन्हात. सोळा वर्षं दोनशे माणसांच्या गलक्यात काढलेल्या बाईला ती शांतता खायला उठायची. मग ती मागच्या पायरीवर भाजी निवडत बसू लागली आणि समोर मोकाट हिंडणाऱ्या कोंबड्या बघू लागली. आधी नुसतीच बघायची. पुढं पुढं भाजी राहायची बाजूला. कोण कुणाच्या आधी पाण्याला जातं, कुणी चोच उगारली की कोण मान खाली घालतं, हे तिला पानांच्या अनुक्रमासारखं पाठ होऊन गेलं. सगळ्यांत आधी मुकादमीण, काळीभोर, जाडजूड, दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवून असणारी. मग टकली. मग राखी. मग कापशी आणि बाकीच्या. सगळ्यांत शेवटी लंगडी. पण ही लंगडी झोपताना कापशीच्या पंखाखाली असायची, आणि लंगडीला कुणी जास्तच टोचलं की कापशी नुसती येऊन शेजारी उभी राहायची. कोंबड्याचं नाव कोतवाल. त्याला किडा सापडला की स्वतः न खाता बायकांना हाका मारायचा. कधी कधी काही सापडलेलं नसतानाही मारायचा. कापशी त्या हाकेला आताशा फिरकत नसे.

या कोंबड्यांनी तिला पहिल्याच दिवशी जवळ केलं होतं. दारामागं अडकवलेला निळा एप्रन अंगात घालून ती मागच्या दारी गेली, तर सगळ्या धावत आल्या आणि लंगडीनं एप्रनच्या डाव्या खिशावर टोचा मारला. खिशात मक्याचे दोन वाळके दाणे निघाले. परक्या माणसाजवळ जात नाहीत हं त्या, असं सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. सुईला इतकं बरं वाटलं की तिनं संध्याकाळी मैत्रिणीला फोन करून ते सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जरा लवकरच खुराड्यापाशी गेली. दार उघडताच कोंबड्या रोजच्या क्रमानं बाहेर पडल्या आणि नवी तिसरी आली. मुकादमीण तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आधी एका डोळ्यानं बघितलं, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. अंगण थबकलं. कोतवालानं उचललेला पाय तसाच वर राहिला. सुई कारखान्यातल्या सवयीनं मनात मोजत गेली आणि सोळा झाले तरी कुणी हललं नाही. मग मुकादमीण वळली आणि पाण्याकडे चालू लागली. तिच्यामागं टकली गेली आणि टकलीमागं राखीच्या जागी नवी गेली. कुणी टोचलं नाही. बाकीच्यांनी खाली माना घालून माती उकरायला सुरुवात केली.

सुईच्या अंगावर सरसरून काटा आला. मुकादमिणीची ती नजर तिनं आधी एकदा बघितली होती.

ती या घरात पहिल्यांदा आली तीही अशीच दिवेलागणीला. सकाळची गाडी असताना नवऱ्यानं दुपारची धरली होती. पुढच्या खोलीतला दिवा गेलेला होता, कालच गेला असं तो म्हणाला. सासूबाईंनी तिचा चेहरा चाचपला. त्यांची बोटं चष्म्याच्या कडेवर येऊन थांबली, पुन्हा एकदा कडेवरून फिरली. "आलीस?" त्या म्हणाल्या. "दमली असशील. हातपाय धू." मुलगी झोपलेली होती.

सकाळी सुईला जाग आली तेव्हा ती मुलगी दारात उभी होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती सारखी काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेत असायची. मुंगी मान तिरकी करून बघत होती. मग तिनं मान दुसऱ्या बाजूला कलती केली आणि पुन्हा बघितलं. सुईनं हसायचं ठरवलं, पण ओठ हलेनात.

"आई," शेवटी मुंगी म्हणाली, "माझा एक बूट सापडत नाहीये."

बूट पलंगाखालीच होता. तो काढून दिल्यावर सुई न्हाणीघरात गेली, नळ मोठा सोडला आणि हमसून हमसून रडली. आपल्याला कुणी या नावानं हाक मारेल, ही आशा तिनं कधीच गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेली होती. त्या एका हाकेवर ती पुढचे चार महिने तरंगत राहिली. मुलगी फार बोलत नसे, पण चमचा हवा असला तरी आई आणि दप्तर जड झालं तरी आई. हे इतकं सोपं कसं झालं, असं सुईनं स्वतःला विचारलं नाही. सुख समोर आल्यावर त्याची उलटतपासणी कोण घेतो?

आता मात्र एकेक गोष्ट टोचू लागली. पहिल्या बायकोचा घरात एकही फोटो नव्हता. मुलीला त्रास होतो म्हणून काढून ठेवलेत, असं नवरा म्हणाला होता. सासूबाई मधूनच म्हणायच्या, तू लावलेला पेरू यंदा चांगला धरलाय बघ. म्हातारपणी होतं असं, म्हणून सुईनं ते सोडून दिलं होतं.

गुरुवारी तिच्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू पडला. नवरा चष्मा दुकानात घेऊन गेला, संध्याकाळी आणतो म्हणाला. सुईनं ट्रंकेतून जुना तपकिरी चष्मा काढला, एप्रन घातला आणि दाणे घेऊन मागच्या दारी जाऊन रोजच्यासारखी हाक दिली. कोंबड्या पंख उभारून धावत सुटल्या. आणि पाच-सहा पावलं उरली असताना सगळ्या एकदम थांबल्या.

मुकादमिणीनं मान तिरकी केली. तिच्या घशातून एक लांबलचक, खालच्या पट्टीतला आवाज निघाला. असा आवाज सुईनं फक्त आभाळात घार दिसल्यावर ऐकला होता. पुढच्या क्षणी अंगण रिकामं झालं, सगळ्या कोंबड्या लाकडांच्या छपराखाली. एकटा कोतवाल उरला. त्यानं एक पंख जमिनीला टेकवून तिच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि उडी घेऊन तिच्या नडगीत नखी रुतवली.

ती मागं सरली. पायावरून रक्ताचा ओघळ आला होता. अरे मीच आहे, असं ती म्हणाली, आणि कोंबड्याशी काय बोलतोय म्हणून तिची तिलाच लाज वाटली. चष्मा काढून तिनं पुन्हा हाक दिली. आवाज तोच, एप्रन तोच, दाणे तेच. छपराखालचे धुरकट ठिपके ना पुढं आले ना मागं गेले. तिनं चष्मा घातला. ठिपके आत आत दडले. तिनं तीनदा करून बघितलं आणि मग दाणे तिथंच ओतून ती घरात आली.

मुंगी शाळेतून यायची वेळ झाली तशी ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघू लागली. कोंबड्यांनी ओळखलं नाही तर नाही, त्या काय, पाखरं. पण उद्या ही पोर दारातच थांबली तर? सुईनं तपकिरी चष्मा एप्रनच्या खिशात लपवला आणि आंधळ्यासारखी वावरत राहिली. मुंगीचं पाणी तिनं पेल्याच्या बाहेर ओतलं. दप्तर समजून सासूबाईंची उशी उचलून खुंटीला लावायला निघाली. मुंगीनं फडकं आणून टेबल पुसलं, उशी तिच्या हातातून घेऊन जागेवर ठेवली आणि काही विचारलं नाही.

संध्याकाळी नवरा चष्मा घेऊन आला. मुंगी पुढच्या दारी सासूबाईंपाशी होती. सुईनं चष्मा हातात घेतला, पण डोळ्यांवर चढवला नाही. उजव्या काडीच्या टोकावरून बोट फिरवलं. तिथं बारीक बारीक खळगे होते. चार महिने ते तिला कानामागं टोचायचे. दुकानात मांडलेला नमुना असेल, दहा जणांनी हाताळला असेल, असं तिनं धरून चाललं होतं.

"हे दात कुणाचे?"

तो बूट काढायला वाकला होता. तसाच वाकून राहिला.

"तिला सवय होती," तो म्हणाला. "विचार करताना चावायची."

मग त्यानं सांगितलं, एकेक वाक्य उपसून काढावं तसं. बायकोला लांबच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा मुंगी चारची होती. आई बरी होऊन येणार, असं तिला सांगून निघाला. त्याच्या आईला त्याच महिन्यात छातीचा झटका येऊन गेला होता, धक्का बसता कामा नये असं डॉक्टरनं बजावलं होतं, म्हणून तिलाही तेच सांगितलं. अकराव्या दिवशी बायको गेली. माहेरचं कुणी नव्हतं. सगळं तिकडंच उरकून तो परत आला, तर दोघी दारात उभ्या. अजून वेळ लागेल, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन वर्षं गेली. आणि मग कारखान्यात सुई त्याच्या यंत्रासमोर येऊन बसली. दोन्ही डोळ्यांचा नंबर तोच, पावाचाही फरक नाही. बांधा तोच, केसही तसेच. त्यानं चारदा तपासून बघितलं. पाऊण तास लागला तो त्यासाठी.

सुई ऐकत होती. कारखान्यात खराब झालेलं पान कापून त्या जागी दुसरं चिकटवायचं काम तिनं शेकड्यानं केलं होतं. ते असं चिकटवायचं असतं की वाचणाऱ्याच्या बोटाला जोड लागू नये.

"म्हणजे तुम्ही मला आणलं नाहीत," ती म्हणाली. "तिला परत आणलंत."

"दोघी सुखात आहेत. कशाला ढवळायचं?"

"कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

तो बुटाची नाडी सोडू लागला. चिडला नाही. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"मुंगी दोन वर्षं नीट जेवत नव्हती," तो म्हणाला. "तू आलीस आणि जेवायला लागली. आता सांगितलंस तर ती पुन्हा मिटून बसेल. तुला आई म्हणणार नाही. चालेल तुला?"

सुईनं काळा चष्मा चढवला आणि स्वयंपाकाला लागली, कारण पोरीची जेवायची वेळ झाली होती.

शुक्रवार गेला. कोंबड्या पुन्हा तिच्या पायात पायात करू लागल्या, आणि आता त्यांचं ते लाडात येणं तिला सहन होईना. ती हाक मारायची तेव्हा कुणाला बघून त्या धावत येतात, हे तिला कळलं होतं. आई ही हाकही मग आपल्याला नसून चष्म्याला आहे, त्या काळ्या फ्रेमला आणि पांढऱ्या रेघेला. पण ती हाक कानावर आली की पाय आपोआप उठायचे. ही एवढी एक गोष्ट आयुष्यात मिळाली होती, आणि ती दुसरीच्या नावावरची निघाली. परत करावी तर पुन्हा तो रिकामेपणा, आणि त्यात ती पोरही रिकामी होणार. ठेवावी तर आपण कोण उरलो? तिला भूक लागेना.

शनिवारी दुपारी ती पायरीवर बसून याचाच विचार करत होती. करता करता जिभेला काहीतरी गुळगुळीत लागलं. चष्मा तिच्या हातात होता आणि काडीचं टोक तोंडात. तिचे दात त्या बारीक खळग्यांत बरोबर बसले होते, एकही इकडेतिकडे नाही. समोर आठही कोंबड्या मातीत पंख पसरून पडल्या होत्या. त्या सगळ्या तिच्याकडे बघत होत्या की नाही, हे तिला चष्म्यावाचून दिसत नव्हतं.

तिनं काडी तोंडातून काढली. चूळ भरली, मग पुन्हा भरली. उद्या सांगायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

रविवारी नवरा डोळे तपासायला परगावी गेला. सासूबाई पुढच्या दारी उन्हाला बसल्या. मुंगी मागच्या पायरीवर काडीनं मातीत घरं आखत होती. सुईनं तपकिरी चष्मा घातला, एप्रन दाराला तसाच राहू दिला आणि बाहेर आली. कोंबड्यांनी मान वर केली, मुकादमिणीनं तो लांब आवाज काढला आणि सगळ्या छपराखाली पळाल्या. मुंगी उठली नाही. तिनं वर बघितलं, मान आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती केली आणि पुन्हा मातीत रेघ ओढली.

सुई तिच्या शेजारी बसली. बोलायचं सगळं तिनं सकाळपासून घोकून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"मुंगे, मी ती नाहीये," ती म्हणाली. "तुझी आई बरी नाही झाली. ती आता येणार नाही. मी दुसरी आहे."

"मला माहितीये."

मुंगी हे असं म्हणाली, जसं कुणी वेळ विचारल्यावर सांगावं. पहिल्याच दिवशी कळलं, आई वेणी घट्ट घालायची, इतकी की डोळे ओढले जायचे, आणि तू सैल घालतेस, असं तिनं सांगितलं. आजीला तर त्याच्याही आधी, आदल्या संध्याकाळीच. आजीनं चाचपून बघितलं ना. आई येणार नाही हे दोघींना केव्हापासूनच माहीत होतं. बाबा परत आले त्या दिवशी आईचा चष्मा त्यांच्या खिशात होता. आणि आईला तर चष्म्याशिवाय काहीच दिसायचं नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"आजी म्हणाली, बाबांना वाटतंय की आपल्याला कळत नाही. त्यांना तसंच वाटू दे. आणि नव्या माणसाला पहिल्यांदा काही विचारायचं नाही. एकानं विचारलं की सगळे टोचायला लागतात."

पेरूची गोष्ट सासूबाई मुलगा घरात असतानाच काढायच्या, हे सुईला आता लक्षात आलं. ऊन डोक्यावर होतं आणि तिच्या हातापायांना गारठा सुटला होता. चार महिने या चार खोल्यांत तिला सोडून सगळे सगळं जाणत होते, वाढत होते, जेवत होते, दिवे मालवत होते. तिनं छपराकडे बघितलं. जुन्या चष्म्यातून नीट दिसत नव्हतं, तरी लाकडांच्या फटीफटीतून एकेक गोल डोळा तिच्यावर लागलेला तिला जाणवत होता. करडीचाही त्यात होता.

मुंगीनं तिची नजर कुठं आहे ते बघितलं.

"त्यांना पण माहितीये, ती राखी नाहीये ते," ती म्हणाली. "राखीला मुंगसानं नेलं तेव्हा त्या तिथंच होत्या. सगळ्यांनी बघितलं."

मुंगीनं मातीतल्या घराला दार काढलं, मग दुसरंही काढलं. बाबांसमोर तो काळाच घालत जा, नाहीतर ते रडतात, असं तिनं मोठ्या माणसासारखं बजावलं. तेवढं सांगून ती थांबली. तिच्या हातातली काडी मातीत टेकलेली होती आणि हलत नव्हती.

"आता तू सांगितलंस," ती खाली बघूनच म्हणाली. "म्हणजे तुला जावं लागणार?"

त्या एवढ्याशा जिवानं चार महिने तोंडातून अवाक्षर का काढलं नव्हतं, ते सुईला तेव्हा कळलं.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

मुंगीनं त्यावर थोडा विचार केला. मग काडी टाकली, हात फ्रॉकला पुसले आणि सुईकडे पाठ करून तिच्या गुडघ्यांच्या मध्ये येऊन बसली. केसांचा रबर ओढून काढून तिनं मागं धरला.

"घालून दे."

सुईनं केस हातात घेतले. आज तरी नीट झालं पाहिजे म्हणून तिनं तीन बटा करून पहिलाच पेड चांगला आवळून ओढला. मुंगीची मान मागं आली.

"अशी नको," मुंगी म्हणाली. "तुझी घाल."